आठशे ग्रॅम

"चढ की गं, लाजतीस काय? काटा काय खातोय का तुला?"

सुरेखानं मागून ढकललं आणि मी व्यायामशाळेच्या कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभी राहिले. आकडे जरा थरथरले आणि थांबले. साठ किलो सहाशे.

"झकास. तुला काही टेन्शनच नाही. सरक आता."

ती चढली. बासष्ट किलो सहाशे. तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "सर, बघा हो! त्रेसष्टच्या आत!"

बुधवार होता. रविवारी सोलापूरला जिल्ह्याची पॉवरलिफ्टिंग स्पर्धा होती. खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं, बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलायचा आणि शेवटी जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. तिन्हींची बेरीज ज्याची जास्त, तो पहिला. चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या त्रेसष्ट किलो गटात आम्हां दोघींची नावं गेली होती. माझं वय तेव्हा एकेचाळीस, सुरेखाचं बेचाळीस. जन्मात मी एकाही स्पर्धेत उतरले नव्हते. शाळेत पळायच्या शर्यतीत नाव आलं, की माझं हमखास पोट दुखायचं. कुणाच्या पुढं जाण्यात काय सुख असतं, हे मला खरंच कळत नसे. रांगेतसुद्धा मी मागच्या बाईला पुढं जाऊ द्यायची.

व्यायामशाळेत मला सुरेखानंच ओढत नेलं होतं. सुरेखा ओहोळ, एसटीत कंडक्टर, माझ्या शेजारच्या गल्लीतली. माझी कंबर धरली होती, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर ही म्हणाली, "एकटी काय करशील तू, चार दिवसांत सोडशील. माझ्याबरोबर चल." पहिल्या दिवशी तिनंच मला पाठ कशी ताठ ठेवायची ते शिकवलं. बार उचलताना श्वास कधी घ्यायचा, कधी रोखायचा, हेही तिनंच. कमरेचा पट्टा घ्यायला मी टाळाटाळ करत होते, तेव्हा तिनं स्वतःचा दिला आणि आम्ही वर्षभर तो आळीपाळीनं वापरला.

मग हळूहळू लक्षात आलं की जमिनीवरचा बार मला चांगला उठतो. त्यात नवल नव्हतं. बार्शीच्या मार्केट यार्डाजवळ आमचं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. वडील गेल्यावर मी एकटीच ते चालवते. काटा तपासायचा तर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून त्यावर ठेवावी लागतात, पुन्हा उतरवावी लागतात. पंचवीस वर्षं तेच केलं होतं. सुरेखाची बेरीज माझ्यापेक्षा सात-आठ किलोंनी जास्त असायची, पण वर्षापूर्वी हाच फरक पन्नासचा होता.

तर त्या बुधवारी मी काट्यावरून उतरले तेव्हाच मला कळलं होतं.

सकाळी दुकान उघडल्यावर मी माझ्या काट्यावर वजन केलं होतं. एकसष्ट किलो चारशे. त्या काट्यावर दोनच आठवड्यांपूर्वी सरकारी शिक्का बसला होता. दोन तासांत माझं आठशे ग्रॅम वजन कुठं जाणार? मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसले आणि पाहिलं. काट्याच्या एका पायाखालचं रबर निघून गेलं होतं. तबकाची कड जमिनीला टेकत होती, आणि थोडा भार जमीनच पेलत होती. पाच मिनिटांचं काम. रबर बसवायचं, पाय वर-खाली करून पातळीत आणायचं, संपलं.

म्हणजे सुरेखा बासष्ट सहाशे नव्हती. त्रेसष्ट चारशे होती.

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ती बाबर सरांना म्हणाली, "सर, माझं राज्याच्या स्पर्धेला जाणं पक्कं धरा हां. आणि मंदाचं प्रशस्तिपत्रक. तिला तेवढंच बास. तिच्यात खुन्नस नाहीच हो, देवमाणूस आहे ती."

बाबर सर हसले. ते आम्हांला शिकवायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, थोडं बोलणारे गृहस्थ. मीही हसले. ती खोटं काहीच बोलली नव्हती. उलट कौतुकानंच बोलली होती. पण माझ्या कानशिलांत गरम झालं. ती बोलली ते आदल्या दिवसापर्यंत खरं होतं आणि त्या क्षणी खरं राहिलं नाही, एवढंच मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला तरी हरवायचं होतं. आणि ते 'कुणीतरी' ही होती.

सर काट्याकडं बघत म्हणाले, "पांचाळबाई, हा काटा बरोबर आहे ना? तुमचंच खातं हे. चारशे ग्रॅमचंच अंतर आहे हिचं."

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले.

घरी जाताना मी स्वतःला सांगितलं की उद्या सांगू. अजून चार दिवस आहेत, चार दिवसांत सहज उतरेल. गुरुवारी मी पर्समध्ये रबराचं बूच आणि पाना घेऊन गेले. लवकर जाऊन गुपचूप बसवायचं, म्हणजे बोलायलाही नको. पण सुरेखा माझ्या आधीच आली होती. बारपाशी बसून हातांना पावडर लावत होती.

"रात्री झोपच नाही बघ," ती म्हणाली. "सारखं तेच डोळ्यांपुढं. तुला ते कबड्डीचं सांगितलंय का मी?"

"नाही."

"सतरा वर्षांची होते. राज्याच्या संघात निवड झाली. बॅग भरली, बूट नव्हते तर मामानं आणून दिले. आणि आदल्या दिवशी पाहुणे आले बघायला. वडील म्हणाले, ठरलंय, आता मैदानात नाचायचं नाही. संघाची गाडी आमच्या घरावरनं गेली. मुलींनी हाका मारल्या. मी आत भाकऱ्या करत होते." ती पावडर झटकत उठली. "वडलांवर राग नाही गं माझा. पण एकदा तिथं जाऊन उभं राहायचंय. मग शेवटचा नंबर आला तरी चालेल."

जिल्ह्यातून प्रत्येक गटात एकीलाच राज्याच्या स्पर्धेला पाठवणार होते.

हे ऐकूनही मी बोलले नाही. उलट मनात हिशोब झाला, की आता सांगितलं तर ती विचारेल, काल का नाही बोललीस? सरांना तर मी तोंडानं बरोबर आहे म्हणाले होते. बूच पर्समध्येच राहिलं. शुक्रवारी तिची ड्यूटी होती, ती आली नाही. तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. शनिवारी दुपारी ती माझ्याकडं जेवायला आली. मी पिठलं-भाकरी केली होती. एक भाकरी खाऊन ती हात आवरायला लागली.

"अर्धी घे की," मी म्हणाले.

"वजन?"

मी ताटाकडं बघत म्हणाले, "काल रात्री काही खाल्लं नाहीस. ताकद कुठनं येईल?"

"तेही खरंच. चारशे ग्रॅमची सवलत आहे मला," ती हसली आणि तिनं अर्धी घेतली. वर वाटीभर ताकही प्यायली.

ती अर्धी भाकरी मी तिच्या ताटात माझ्या हातानं वाढली. काटा बिघडला होता तो माझ्यामुळं नव्हे. पण भाकरी मी वाढली.

रविवारी सकाळी सोलापुरात एका शाळेच्या सभागृहात वजनं घेत होते. पडद्याआड एक पंच बाई बसल्या होत्या. मी आधी गेले. एकसष्ट तीनशे. बाहेर येऊन पट्टा बांधत होते, तर आतून सुरेखाचा आवाज आला, "असं कसं होईल? परत बघा, बाई."

पंच बाईंनी परत पाहिलं. त्रेसष्ट किलो चारशे पन्नास.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. सरांनी घड्याळ पाहिलं. "एक तास दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात उतरलं तर ठीक. नाहीतर वरच्या गटात. तिथं ती अकलूजची पोलीस बाई आहे, शंभर किलो खांद्यावर घेऊन बसते."

"उतरवते," सुरेखा म्हणाली.

तिनं स्वेटर घातला, वर माझं जर्किन घातलं, सरांची कानटोपी घातली आणि शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागली. एप्रिल महिना. सोलापूरचं ऊन. मी तिच्याबरोबर पळायला लागले, तर तिनं मला हाकललं.

"तू कशाला दमतीस? बस सावलीत. तुला उचलायचंय अजून."

मी लिंबाखाली बसले आणि ती पळत राहिली. दर दहा फेऱ्यांनी थांबायची, थुंकायची, पुन्हा पळायची. पाण्याचा थेंब नाही. चाळीस मिनिटांनी वजन केलं तर त्रेसष्ट दोनशे. पुन्हा पळाली. आता तिचे पाय वेडेवाकडे पडत होते. एका फेरीला ती माझ्यासमोर थांबली, गुडघ्यांवर हात टेकले.

मी म्हणाले, "सुरेखा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. सगळं. पण तिच्या डोळ्यांत पाणी उतरलं होतं, घाम होता की रडणं होतं कळत नव्हतं, आणि मी म्हणाले, "भाकरी वाढायला नको होती."

"येडी का खुळी तू," ती म्हणाली, माझ्या गालावर चापट मारली आणि पुन्हा पळाली.

दहा मिनिटं उरली तेव्हा त्रेसष्ट किलो एकशे दहा. एकशे दहा ग्रॅम. आता घामसुद्धा येत नव्हता तिला. ती पायरीवर बसली आणि एकदम तिनं वेणीचा अंबाडा सोडला. सुरेखाचे केस कमरेपर्यंत होते, दाट, तेलाचे. आमच्या गल्लीत त्या केसांचं नाव होतं.

"सर, प्रथमोपचाराच्या पेटीत कात्री असते ना?"

सरांनी कात्री आणून दिली. सुरेखानं ती माझ्या हातात ठेवली आणि पाठमोरी झाली.

"काप."

"मी नाही."

"दुसरं कोण आहे मला इथं? काप लवकर. मानेपासून."

कात्री लहान होती, बँडेज कापायची. एका झटक्यात वेणी तुटत नव्हती. मी करवतीसारखी कात्री चालवत होते, केस करकर वाजत होते आणि ती मान ताठ धरून बसली होती. मध्येच म्हणाली, "घरी माझ्या पोरी ओळखायच्या नाहीत मला," आणि हसायचा प्रयत्न केला. वेणी माझ्या हातात आली. ती किती जड होती, हे मला अजून हातात कळतं. माझा धंदाच वजनाचा. न तोलता सांगितलं असतं, दीडशे ग्रॅम.

बासष्ट किलो नऊशे साठ. ती गटात बसली.

पुढं जे झालं ते कुणालाही आधी सांगता आलं असतं. ती पाणी प्यायली, तिनं गूळ खाल्ला, पण अंगातलं गेलेलं तासाभरात परत येत नाही. खांद्यावरचा बार रोज ऐंशीचा घेणारी ती पंच्याहत्तरच्या पुढं जाऊ शकली नाही. बाकावरचं तिचं नेहमीसारखं झालं, साडेबेचाळीस. मी त्या दोन्हींत मिळून तिच्या दहा किलो मागं होते. मग जमिनीवरचा बार. तिनं एकशे पाच उचलला. शेवटच्या खेपेला एकशे साडेबारा मागितला, बार गुडघ्यापर्यंत आला आणि तिच्या मांडीत गोळा आला. बार धाडकन पडला. ती लंगडत बाजूला झाली.

तिची बेरीज दोनशे साडेबावीस. मला एकशे पंधरा उचलला तर तेवढीच बेरीज होणार होती. बेरीज सारखी असली की जिचं वजन कमी ती पहिली, असा नियम आहे.

मी बारपाशी गेले. मनात म्हणाले, नाही उचलायचा. नुसतं ओढल्यासारखं करायचं आणि सोडून द्यायचं. कुणाला कळणार आहे? सगळं जिथल्या तिथं होईल. तेवढ्यात बाजूनं घोगरा आवाज आला.

"मंदे! पाठ ताठ! श्वास घे, सोडू नको! तुला उठतोय तो, मला माहितीय, ऊठ!"

आखूड केसांची, मांडी हातानं दाबून धरलेली सुरेखा माझ्यासाठी ओरडत होती. मी श्वास घेतला आणि ओढलं. तो आला. गुडघ्यांच्या वर आला, मी ताठ उभी राहिले, तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचललेलं मान्य. खरं सांगते, त्या दोन सेकंदांत मला सुरेखाची आठवण नव्हती, काट्याची नव्हती. इतकं सुख मला आयुष्यात कशानं झालं नव्हतं.

परत येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मानेवर केसांची टोकं वेडीवाकडी कापलेली दिसत होती. पदक माझ्या पर्समध्ये होतं. बूचही तिथंच होतं.

तीन दिवसांनी दुपारी ती दुकानात आली. ड्यूटीच्या खाकी कपड्यांत, हातात पेढ्यांचा पुडा. केस पार्लरमध्ये नीट करून घेतले होते.

"डेपोतल्या सगळ्यांनी तुझ्यासाठी वर्गणी काढून आणलेत," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं, माझीच चेली आहे म्हणून. आणि ऐक, राज्याची स्पर्धा जळगावला आहे. मी रजा टाकलीय. तुझ्याबरोबर येणार. तुला एकटीला काय जमतंय?"

मी एक तराजू खोलून बसले होते. हातातला पाना खाली ठेवला.

"सुरेखा, व्यायामशाळेतला काटा आठशे ग्रॅम कमी दाखवत होता."

"ते कळलंच की. त्या मुडद्यानं घात केला. सरांना म्हटलं मी, मंदाला सांगून दुरुस्त करून घ्या."

"मला माहीत होतं."

ती हसतच होती. "काय माहीत होतं?"

"बुधवारीच कळलं होतं मला. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

बाहेर यार्डात हमाल पोती उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता. ती पुडा हातात घेऊन उभी राहिली. मग तिनं विचारलं, "भाकरी वाढलीस तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"केस कापताना?"

"हो."

"मी पळत होते, तू सावलीत बसली होतीस, तेव्हा?"

मी होकारार्थी मान हलवली.

"का गं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "तू हरवलं असतंस तर मी तुला खांद्यावर घेऊन नाचले असते. माहीत नव्हतं तुला?"

"मी माझं नाव काढून घेते," मी म्हणाले. "आजच सरांकडं जाते. जळगावला तू जा."

मला वाटलं, ती म्हणेल, तुझी भीक नको. पेढे फेकून देईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"जाणार," ती म्हणाली. "ती जागा माझीच आहे." तिनं पुडा काउंटरवर अलगद ठेवला. "हे डेपोतल्या लोकांचे आहेत. त्यांना मी काही सांगणार नाही." आणि पायरी उतरून गेली.

मी त्याच संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, संघटनेला पत्र लिहिलं, माझं पदक पाकिटात घातलं. एवढंच म्हणाले, "मी तुम्हांला विचारलं होतं, बाई." त्यानंतर मी तिथं गेले ते एकदाच, काटा दुरुस्त करायला. पाच मिनिटं लागली.

सुरेखा जळगावला गेली. सहावी आली. पुढच्या वर्षी तिसरी. हे मला इतरांकडून कळत राहिलं. ती गल्ली सोडून डेपोजवळ राहायला गेली होती. मी तिला दोनदा पत्र लिहिलं आणि टाकलं नाही. काय लिहिणार? जे झालं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

चार वर्षांनी मी सोलापूरला चालले होते, काट्यांवर सरकारी शिक्के मारून घ्यायच्या कामानं. गाडी भरलेली होती, मी दाराजवळच उभी होते. गाडी सुटल्यावर मागून तिकिटाचं मशीन वाजत वाजत पुढं आलं आणि समोर ती उभी. केस तसेच आखूड ठेवले होते. दंड पहिल्यापेक्षा भरलेले. मी म्हणाले, "सुरेखा, कशी आहेस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. गाडीतल्या कुठल्याही बाईकडं बघावं तसं पाहिलं आणि एका म्हाताऱ्याला जरा आत सरकवत तिनं माझ्यासाठी बाकावर जागा केली.

"बसा, पांचाळबाई," ती म्हणाली. "तुमची कंबर धरते. कुठलं तिकीट देऊ तुम्हांला?"